कडक इस्त्रीची डबी

वहिनींचं पत्र आलं तेव्हा मी ते दारातच, चप्पल न काढता वाचलं आणि घडी घालून शब्दकोशात ठेवून दिलं. उद्या उत्तर लिहू, असं त्या दिवशी मनाशी म्हणालो. मग खिडकीसमोरच्या झाडाची पानं गळली, नवी आली, आणि मला शब्दकोश उघडायचीच धास्ती वाटू लागली. एखादा शब्द अडला तर मी अंदाजानं अर्थ लावून पुढे जाऊ लागलो. सगळा जन्म ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात घालवलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण तसं झालं खरं.

पत्र मोठं नव्हतं. वहिनींचं अक्षर ठसठशीत, रुग्णालयाच्या कपड्यांवर नंबर घालून घालून तसं झालेलं.

'भावजी,' त्यांनी लिहिलं होतं, 'गुडघ्यांनी संप पुकारलाय. लेकीकडे मी मजेत आहे. खिडकी मोठी आहे, पण घर वर आहे आणि जिना झेपत नाही, म्हणून नुसती खिडकीच. तर आता माझी डबी तुमच्या नावावर करायची म्हणते. मालकाला अधूनमधून जाऊन बघावं लागतं, कागद भिजला तर बदलावा लागतो, हे तुम्हाला माहीतच आहे. मी फोनवरून ती तुमच्याकडे पाठवली आहे. तुम्ही फक्त "स्वीकारा" दाबायचं. पण नुसतं दाबू नका. बटणावर काय, कोणाचाही अंगठा पडतो. मला दोन ओळी लिहून कळवा. हो असेल तर हो, नाही तर नाही. नाही म्हणालात तर रागावणार नाही, कोणाला तरी पाठवून डबी उचलून आणायला सांगेन. बेवारस पडलेली मला चालणार नाही.'

डबी म्हणजे काय, हे सांगायला हवं. मला स्वतःला ते कळायलाच बराच वेळ लागला होता.

जगात ठिकठिकाणी लोकांनी छोट्या छोट्या डब्या लपवून ठेवल्या आहेत. झाडाच्या ढोलीत, पुलाखाली, कुंपणाच्या खांबात. लपवणारा त्या जागेचे आकडे जाहीर करतो, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर ती जागा नेमकी कुठे आहे ते, आणि सोबत एखादी खूण देतो. तुम्ही फोनमध्ये ते आकडे घालायचे आणि चालू लागायचं. डबी सापडली की आतल्या कागदावर आपलं टोपणनाव लिहायचं, आत एखादं बटण, गोटी, शिंपला असं काही असेल तर हवं ते घेऊन आपलं काहीतरी ठेवायचं, आणि डबी जशी होती तशी परत ठेवायची. बक्षीस नाही, शर्यत नाही. या उद्योगाला जिओकॅशिंग म्हणतात. हे सगळं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, भाऊ गेल्याच्या धक्क्यानं वहिनींचं काहीतरी बिनसलंय.

माझा थोरला भाऊ गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका दुपारी वहिनी माझ्या दारात उभ्या होत्या. पायात नवे कोरे बूट, खांद्याला पाण्याची बाटली.

"भावजी, उठा. चष्मा घ्या आणि चला."

कुठे, असं मी विचारलं. त्यांनाही नक्की माहीत नाही, म्हणाल्या, म्हणून तर जायचं. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. बागेत बाकावर बसलेल्या असताना एक जोडपं त्यांच्या बाकाखाली हात घालून काहीतरी चाचपत होतं. वहिनींनी आधी त्यांना दटावलं, मग विचारपूस केली आणि शेवटी स्वतःच खाली बसून शोधू लागल्या. घरी येऊन लेकीला फोन करून ते सगळं आपल्या फोनमध्ये घालून घेतलं. लेक म्हणाली, आई, या वयात? त्यावर वहिनी म्हणाल्या, या वयात नाही तर कोणत्या? तुला वाढवत होते तेव्हा?

पहिली डबी पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या माळावर होती. ऊन कलतं होतं, गवत गुडघाभर वाढलेलं आणि वाऱ्यानं एकाच बाजूला झुकलेलं. फोनवरचा बाण वळत होता, अंतर कमी कमी होत होतं, आणि आपण झोपेत चालतोय असं मला वाटत होतं. इतकं आभाळ मी बऱ्याच वर्षांत एकदम पाहिलं नव्हतं. अंतर शून्य झालं तिथे मी थांबलो आणि खाली बसून गवत बाजूला सारू लागलो.

"अहो, तिथे काय आहे? गवत."

"पण आकडा इथलाच आहे, वहिनी."

मी हटलो नाही. ग्रंथालयात क्रमांक बरोबर असेल तर पुस्तक तिथेच असतं. नसेल तर कोणीतरी चुकीच्या जागी ठेवलेलं असतं, आकडा चुकत नाही. मी मातीत बोटं घालून पाहत राहिलो. वहिनी थोडा वेळ माझी गंमत बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तो उपग्रह वर आभाळातून बघतोय, भावजी. त्याला एवढं बारीक कुठलं दिसायला? तो अंगणापर्यंत आणून सोडतो. दार आपलं आपण शोधायचं."

आणि पलीकडच्या कुंपणाशी जाऊन त्या एकेका खांबाची टोपी फिरवून पाहू लागल्या. एक टोपी हातात आली. आतून दोऱ्याला बांधलेली नळकांडी वर निघाली.

मला नोंद करायला सांगितल्यावर मी खिशातून पेन काढलं, तारीख घातली, पूर्ण नाव, घराचा पत्ता, आणि हुद्दा लिहू लागलो तेव्हा वहिनींनी वाकून पाहिलं.

"पेन्शनचा अर्ज भरताय का? टोपणनाव लिहायचं असतं."

मला टोपणनाव सुचेना. घरी जाऊन दोन-तीन दिवस विचार करतो म्हणालो. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, माझं नाव-पत्ता सगळं खोडलं आणि वर लिहिलं, 'शांतता राखा'. आमच्या वाचनकक्षातल्या भिंतीवर ती पाटी होती. त्याखाली त्यांनी आपलं लिहिलं, 'कडक इस्त्री'. त्या दिवसापासून मी या जगात 'शांतता राखा' आहे.

वहिनींनी सगळी नोकरी रुग्णालयाच्या कपडेखोलीत केली. ही खोली तळघरात होती. वरच्या प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक झडप होती, तिच्यातून मळक्या चादरी घसरत घसरत खाली वहिनींच्या समोर येऊन पडायच्या. त्या मोजायच्या, निवडायच्या, धुवायला पाठवायच्या, फाटलेल्या शिवायच्या, आणि इस्त्री होऊन आलेल्यांचे गठ्ठे वर पाठवायच्या. खोलीला खिडकी नव्हती. थंडीच्या दिवसांत त्या उजाडायच्या आत खाली उतरायच्या आणि अंधार पडल्यावर वर यायच्या. ऊन फक्त सुट्टीच्या दिवशी.

एकदा एका ओढ्याकाठी दगडावर बसून आम्ही पाय पाण्यात सोडले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी माणसं पाहिलीच नाहीत हो. अंथरुणं पाहिली. चादर हातात आली की कळायचं, वर मूल झालंय की कोणी गेलंय. पण कोण, ते नाही कळायचं."

मी पायानं पाणी ढवळत राहिलो. बोलायची वेळ आली की माझं असंच होतं. मग त्याच म्हणाल्या, "तुमचं तरी काय वेगळं? तुम्ही पुस्तकांच्या पाठी पाहिल्या." आणि हसल्या. आम्ही दोघंही सावलीत वाढलेली रोपं आहोत, असं त्या म्हणायच्या. आता उन्हात ठेवलीत तर माना टाकतील की फुलतील ते बघायचं.

मला या छंदातली एकच गोष्ट जमत नव्हती. डबी शोधताना येणाऱ्या-जाणाऱ्याला संशय येऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. कोणी पाहिलं तर उगीच डबी पळवायचं. वहिनींना हे सहज जमायचं. कोणी आलं की त्या कानातलं हरवल्यासारखं करायच्या, किंवा सरळ झाडाशी बोलू लागायच्या. वेडी म्हातारी समजून लोक पुढे जायचे. मी मात्र कोणाची नुसती चाहूल लागली तरी डबी सोडून चार पावलं लांब जाऊन उभा राहायचो. लोकांनी आपल्याकडे पाहू नये, एवढ्याच एका धोरणानं मी जगत आलेलो. "तुम्ही आपले पहारा करा," वहिनी म्हणायच्या, "तुमच्याकडे बघून कोणालाही वाटेल, इथे काहीच घडत नाहीये."

तरी मला ते दिवस आवडत होते. घरी आल्यावर डोळे मिटले की गवत हलताना दिसायचं. स्वप्नात मी ग्रंथालयात असायचो, पण कपाटांच्या मधून पाणी वाहत असायचं, आणि एखादं पुस्तक ओढून काढलं की मागे ओल्या मातीचा वास यायचा.

दुसऱ्या वर्षी वहिनींनी स्वतःची डबी लपवायचं ठरवलं. जागा शोधण्यात सगळा उन्हाळा गेला. शेवटी त्यांना तळ्याकाठची जुनी दगडी भिंत पसंत पडली. भिंत बुटकी, कुठे कुठे दगड निसटलेले. जमिनीजवळच्या एका भोकात कोपरापर्यंत हात जायचा. तिथे गुडघे टेकून बसलं की समोर फक्त पाणी आणि पाण्यातलं आभाळ, दुसरं काही नाही. त्यांनी साबणाच्या डबीएवढी निळ्या झाकणाची डबी आणली. तिच्यासाठी निकालात निघालेल्या चादरीची पिशवी शिवली, रुग्णालयाचा नंबर बरोबर वर येईल अशी. खूण दिली, 'हात घालायला भिऊ नका'. आणि आपल्यासारख्या नवशिक्यांसाठी सोपी आहे, असंही लिहिलं.

मग लोक येऊ लागले. कोणाला डबी सापडली की तो दोन शब्द लिहायचा आणि वहिनींचा फोन वाजायचा. त्या मला फोन करून वाचून दाखवायच्या. आज कोणी बाई आली होती, लिहिते, पाणी फार शांत होतं. आज एक माणूस होता, पहिल्यांदाच आलाय, त्याला तीन खेपा घालाव्या लागल्या. कोणी नुसतं 'आभार' लिहिलेलं असायचं, तेही त्या वाचायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "भावजी, ही माणसं मला दिसत नाहीत, पण निदान चालत येतात आणि चालत जातात." एवढं बोलून फोन ठेवला.

एका संध्याकाळी आम्ही डबी बघायला गेलो होतो. वहिनींनी गुडघे टेकले, डबी काढली, कागद तपासला, परत ठेवली. मग त्या तशाच बसून राहिल्या. मी लांब उभा राहून पहारा करत होतो.

"भावजी, जरा हात द्या."

मी हात दिला. त्यांना उठता येईना. मी दोन्ही हातांनी ओढलं, तर मीच त्यांच्याशेजारी खाली आलो. आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून बसलो आणि हसू लागलो. बराच वेळ हसलो. मग हसू थांबलं. पाण्यावर शेवटचं ऊन होतं, ते काठाकाठानं विझत गेलं. फिरायला आलेला एक गृहस्थ थांबून म्हणाला, "काही त्रास होतोय का?" वहिनी म्हणाल्या, "नाही हो. आम्ही पाणी बघतोय." तो पुढे गेल्यावर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता त्यालाच बोलवा परत. तुमच्यानं काही मी उचलली जाणार नाही."

मी त्याला हाक मारायला उठलो. पण हाक तोंडातून निघेना. मी त्याच्या मागे चालत गेलो, आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

पुढच्या महिन्यात माझी पुतणी येऊन आईला आपल्या गावी घेऊन गेली. मला म्हणाली, "काका, थोडे दिवसच. गुडघ्याचं काहीतरी करू, मग आणून सोडते." वहिनी गाडीत बसल्या. काच खाली करून एवढंच म्हणाल्या, "चालत राहा. बसून राहिलात तर माझ्यासारखं होईल." आणि काही आठवड्यांनी ते पत्र आलं.

रविवारी पुतणीचा फोन यायचा. "काका, आईशी बोला," म्हणून ती फोन त्यांच्याकडे द्यायची. आम्ही हवेविषयी बोलायचो. त्यांच्या खिडकीतून काय दिसतं ते त्या सांगायच्या, मी काय वाचतोय ते मी सांगायचो. पत्राचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. आपलं पत्र पोचलं की नाही, असंही त्यांनी विचारलं नाही. मग "बरं, ठेवते" व्हायचं.

मी उत्तर लिहायला बसत नव्हतो, असं नाही. बसत होतो. एकदा तर चार पानं लिहिली. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी कसा माळ्यावर लपून बसलो होतो, आणि त्यांनी खालून "भावजी, पुस्तक हवंय का?" असं विचारून मला उतरवलं होतं, तिथपासून सुरुवात केली. वाचून पाहिलं तर ते श्रद्धांजलीसारखं वाटलं. फाडून टाकलं. मग एकदा नुसतं 'हो' लिहिलं. त्या एका अक्षराकडे पाहत बसलो आणि माझ्या लक्षात आलं की हे लिहून मी पेटीत टाकलं, म्हणजे वहिनी परत येणार नाहीत, हे मी मान्य केलं. 'नाही' लिहिलं तर डबी जाईल. काहीच लिहिलं नाही, तर दोन्ही गोष्टी जिथल्या तिथे राहतात. असा माझा हिशेब होता. मी तसाच राहिलो. तळ्याकाठी मात्र गेलो नाही. फोनवर 'स्वीकारा' हा शब्द रोज दिसायचा, मी बोट वळवून दुसरीकडे जायचो.

या वसंतात एका सकाळी फोन वाजला. वहिनींच्या डबीवर कोणीतरी लिहिलं होतं. डबी माझ्याकडे पाठवल्यापासून अशा नोंदी मलाही दिसायच्या. 'तळ्याची भिंत पाडायला घेतली आहे. मालक असाल तर डबी लगेच हलवा.' मालकाच्या जागी अजून 'कडक इस्त्री' होतं. म्हणजे ही नोंद त्यांच्याकडेही वाजली असणार. त्या खिडकीत बसून ती वाचत असतील आणि जिना त्यांच्या समोर असेल.

मी चहा तसाच ठेवून निघालो.

तळ्यावर धुकं होतं. त्यातून हातोड्यांचे आवाज येत होते, कुठल्या बाजूनं ते कळत नव्हतं. जवळ गेल्यावर दिसलं, भिंतीचा अर्धा भाग उतरवला होता. सुटे दगड ढिगानं पडलेले. चार-पाच माणसं काम करत होती. मी आमच्या जागेपर्यंत गेलो. जागाच नव्हती. तिथे ताजा चुना आणि नवे दगड होते. मी उभा राहून पाहत राहिलो.

"काय हरवलं का आजोबा?" गवंड्यानं विचारलं. डोक्याला फडकं बांधलेला, पन्नाशीचा माणूस.

"काही नाही," मी म्हणालो, आणि चालू लागलो.

वळणापर्यंत गेलो असेन. धुक्यात माझ्याकडे पाहणारं कोणी नव्हतं. इथून घरी जाता आलं असतं, आणि रविवारी हवेविषयी बोलता आलं असतं. मी परत फिरलो.

गवंडी काम थांबवून माझ्याकडे बघत होता. बाकीचेही बघू लागले.

"एक डबी होती," मी म्हणालो. "भोकात. खाली."

"निळ्या झाकणाची? पांढऱ्या पिशवीत?"

"हो."

"ती तुमची आहे काय?"

मी सांगायला हवं होतं की ती माझ्या वहिनींची आहे, त्या परगावी आहेत, त्यांनी मला विचारलंय आणि मी अजून काही कळवलेलं नाही. हे सगळं माझ्या तोंडाशी आलंही होतं.

"माझी," मी म्हणालो.

त्यानं आपल्या जेवणाच्या डब्याशेजारून ती पिशवी उचलून दिली. वरचा चुना त्यानं जमेल तेवढा पुसलेला दिसत होता. "दवाखान्याचा शिक्का दिसला, म्हटलं कोणाचं औषध असेल. फेकून देणं बरं नाही." मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पण भिंतीत कशाला ठेवली?"

मला समजावून सांगावं लागलं. मी, जो अनोळखी माणसाला वेळही विचारत नाही, तो चार माणसांसमोर उभा राहून आकडे, उपग्रह, टोपणनावं हे सगळं सांगत होतो. माझा आवाज मलाच परका वाटत होता. ते हातातली कामं ठेवून ऐकत होते.

"म्हणजे लपवायचं," गवंडी म्हणाला, "आणि कुठे लपवलं ते गावभर सांगायचं."

"हो."

"मग लपवायचं कशाला?"

मागचा एक जण म्हणाला, "अरे, लोकांनी यावं म्हणून." सगळे हसले, मीही हसलो. मी त्याच्याहून बरं उत्तर दिलं नसतं.

नव्या भिंतीत एखादं भोक ठेवता येईल का, असं मी विचारून पाहिलं. गवंड्यानं मान हलवली. साहेबांनी बजावलंय, उंदीर जाईल एवढीही फट ठेवायची नाही. तरी त्यानं भिंतीवरून एकदा नजर फिरवली, खरंच काही जमतंय का ते बघितलं, आणि पुन्हा मान हलवली.

मी डबी घेऊन काठाकाठानं निघालो. धुकं आता पाण्यावरून उचललं जात होतं, आणि मधेच पलीकडचा काठ दिसायचा, मधेच नाहीसा व्हायचा. एका बाकावर बसून फोन काढला. 'स्वीकारा' दाबलं. काही झालं नाही, म्हणजे आवाज वगैरे काही झाला नाही. वहिनींचं नाव गेलं आणि तिथे माझं आलं.

आता जागा शोधायची होती. पहिल्यांदा मला एका झाडाच्या मुळांमधली पोकळी दिसली, छान होती. मी वाकून हात घातला आणि तसाच वर आलो. तिथे उतरायला घसरण होती. मग पायऱ्यांखालची एक जागा पाहिली. ती तर गुडघे टेकल्याशिवाय दिसतच नव्हती. मी अशा जागा एकामागून एक पाहत गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी हात घालताना मला आपलं वजन कळत होतं, आणि आणखी कोणाचं तरी.

तळ्याच्या टोकाला, जिथे रस्ता थेट पाण्यापर्यंत येतो, तिथे पाणी सोडायचं एक जुनं लोखंडी चक्र आहे. आता ते फिरत नाही, गंजून बसलंय, वेली चढल्या आहेत. त्याला लागूनच एक बाक आहे. चक्राच्या वरच्या लोखंडी झाकणाखाली, आतल्या अंगाला, हाताएवढा कोनाडा होता. मी उभ्यानं हात घालून पाहिला. मग बाकावर बसून पाहिला. हात सहज पोचत होता. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकलो आणि कोणीतरी शेजारी बसलंय असं धरून पुन्हा पाहिला. तरी पोचत होता.

फिरायला आलेल्या दोन बायका जवळून गेल्या. मी चक्रात हात घालून बसलेलो होतो. त्यांनी पाहिलं, मी हात काढला नाही. त्या पुढे गेल्या.

फोनवरचे आकडे हलत होते. एकदा एक दाखवायचा, जरा वेळानं शेवटचा आकडा बदलायचा. मी चार-पाचदा घेतले आणि त्यांतला मधला धरला. तो काही अगदी बाकावर येणार नाही, थोडा इकडे तिकडे होईल. चालेल. डबीवरची पिशवी झटकली, चुना निघाला तेवढा काढला, आत नवा कागद घातला आणि कोनाड्यात सरकवून दिली.

दुपारी घरी येऊन शब्दकोश उघडला. वहिनींचं पत्र समोर ठेवलं आणि कागद घेतला. 'प्रिय वहिनी' लिहिल्यावर नेहमीप्रमाणे हात थांबला. मग मी खिशातला फोन काढून आकडे उतरवून घेतले, एका ओळीखाली दुसरी. त्याखाली लिहिलं:

'खूण: बसल्या जागेवरून हात पोचतो. वाकावं लागणार नाही. गाडी बाकापर्यंत येते.'

खाली 'भावजी' अशी सही केली.

'हो' लिहायचं राहून गेलं, हे पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं. पुन्हा उघडावं का, असा विचार करत मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो. पाकीट फटीत अर्धं सरकवलं. थोडा वेळ ते तसंच धरून उभा राहिलो, आणि मग सोडलं.